पांढरवाडीचा अनंत

पांढरवाडी नावाचं एक गाव होतं आणि ते खरोखरच पांढरं होतं. तिथल्या डोंगरातून चुनखडीचे दगड निघायचे, मोठ्या भट्टीत भाजले जायचे आणि त्यांचा चुना व्हायचा. मग काय विचारता! रस्ता पांढरा, कौलं पांढरी, कौलांवर बसलेला कावळासुद्धा जरा पांढुरकाच. कोंबड्या इतक्या सारख्या दिसायच्या, की ज्याच्या त्याला ओळखू याव्यात म्हणून त्यांच्या पायांत रंगीत दोरे बांधायचे. हसू नका, खरंच सांगतेय.

गावाच्या अगदी टोकाला, एका एवढ्याशा झोपडीत अंजिरा राहायची. आठ वर्षांची, काटकुळी, केसांच्या दोन शेपट्या आणि त्याही पांढरट. तिला वडील नव्हते. आई होती, गऊबाई. ती भट्टीवर चुना विरवायला जायची. भाजलेल्या दगडांवर पाणी मारलं की ते फुसफुसतात, तडकतात, गरम वाफ उठते आणि दगडांचं पीठ होतं, त्याला म्हणतात चुना विरवणं. त्या चुन्यानं गऊबाईच्या हातांना चिरा पडल्या होत्या. ती घरी आली की अंजिरा त्या चिरांत खोबरेल तेल भरायची. तेल नसलं तर नुसती फुंकर घालायची. आणि तेल बहुतेक नसायचंच.

पण अंजिराजवळ एक गोष्ट होती, जी अख्ख्या पांढरवाडीत कुणाजवळ नव्हती. झोपडीच्या मागच्या दारी तिनं एक अनंताचं झाड लावलं होतं. रोपं विकणारा एक म्हातारा गावातून चालला होता, त्याला तिनं पाणी पाजलं, तेव्हा त्यानं टोपलीच्या तळातली उरलेली काडी तिला दिली. "अनंत आहे पोरी," तो म्हणाला होता. "फुलला ना, तर उभी गल्ली थांबून वास घेईल." त्याला तीन वर्षं झाली होती. काडीचं छोटंसं झाड झालं होतं, अंजिराच्या खांद्याला लागणारं. आणि यंदा पहिल्यांदाच त्याला कळ्या आल्या होत्या. मोजून सात. हिरव्यागार, टोकाला पीळ घातलेल्या, इवल्या इवल्या.

आणि काय सांगू तुम्हाला, त्याच वेळी झाडाची पानं पिवळी पडायला लागली.

नुसत्या शिरा हिरव्या आणि बाकी पान लिंबासारखं पिवळं. मग एक कळी गळली. दुसऱ्या दिवशी आणखी एक. अंजिरा धावत शेजारच्या म्हाळसाकाकूंकडे गेली.

म्हाळसाकाकू म्हणजे गावच्या सगळ्या प्रश्नांचं उत्तर. त्यांचं उत्तर नेहमी एकच असायचं. "पिवळं पडलंय? मग निवळी घाल की! रोज सकाळी वाटीभर. त्यात काय एवढं विचारायचं?"

निवळी म्हणजे काय ठाऊक आहे का? चुना पाण्यात कालवून ठेवला की खाली गाळ बसतो आणि वर नितळ पाणी राहतं. पांढरवाडीत कशावरही हेच औषध. पोट दुखलं, निवळी. कोंबडी अंडं देईना, निवळी. आडाचं पाणी गढूळ झालं, टाका त्यात चुना. अंजिरा तरी तीन वर्षं दुसरं काय करत होती? रोज सकाळी वाटीतून निवळी न्यायची, बुंध्याशी अगदी हळू ओतायची आणि म्हणायची, "पी गं माझी बाय." आता काकूंनी सांगितलं म्हणून तिनं एका वाटीच्या दोन केल्या. तर आणखी दोन कळ्या गळल्या. उरल्या तीन.

त्या सकाळी ऊन नुकतं कुठं कोवळं कोवळं पडलं होतं. अंजिरा झाडापाशी गुडघ्यांत डोकं घालून रडत होती. आणि तिला कुणाच्या तरी रडण्याचा आवाज आला. तिचा स्वतःचा नव्हे! तिनं डोकं वर केलं आणि तिचे डोळे हे एवढे मोठे झाले.

सगळ्यात वरच्या कळीपाशी, एका पानाच्या कडेवर, एक परी बसली होती.

अंगठ्याएवढी! अहो, तिचे पंख! त्यांत पोपटी होता, मोरपंखी होता, केशरी होता, आणि ती श्वास घ्यायची तसे ते रंग एकमेकांत वाहत जायचे. केसांत दवाचे थेंब ओवलेले. झग्याच्या काठाला सोनेरी ठिणग्या लुकलुकत होत्या, आणि ती ज्या पानावर बसली होती ते पिवळं पानसुद्धा सोन्याचं वाटत होतं. पांढरवाडीत एवढे रंग एका जागी कुणी कधी पाहिलेच नव्हते. अंजिरा श्वास घ्यायचीच विसरली. डोळ्यांतलं पाणी गालांवर तसंच थांबलं.

"तू... तू का रडतेस?" तिनं अगदी कुजबुजत विचारलं.

"माझं बाळ आत आहे गं," परी म्हणाली. तिचा आवाज एवढासा होता, पण स्पष्ट. तिनं त्या वरच्या कळीवर हात ठेवला. "आमची बाळं फुलांत जन्मतात. बाकीच्या नुसत्या कळ्या होत्या, गळल्या तर गळल्या. पण हिच्यात माझी लेक झोपली आहे. फूल उमललं की ती जागी होईल. कळी गळली, तर ती कधीच जागी होणार नाही."

अंजिरानं कान कळीजवळ नेला. आतून अगदी बारीक, मऊ, टिकटिक ऐकू येत होती. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"मग तू जादू कर ना!"

"आम्ही उजेडावर जगतो, बाळा. मातीतलं आम्हाला ओ की ठो कळत नाही. या झाडाचं दुखणं मातीत आहे, एवढंच मला दिसतंय. म्हणून मी तुला तीन इच्छा देते. पण नीट ऐक हं, त्यांना नियम आहेत. जे मागशील ते तुझ्या ओंजळीत मावेल एवढंच मिळेल. आणि झाडाला हुकूम करायचा नाही. 'बरं हो', 'फूल' असं म्हणालीस, की इच्छा फुकट. आणि आजपासून तिसऱ्या दिवशी सूर्य मावळायच्या आत ही कळी एक तर उमलेल, नाहीतर गळेल."

"ओंजळभरच?" अंजिरानं आपले इवले हात पुढं करून पाहिले. "ओंजळभर मातीनं काय होणार?"

"तू ओत तर खरी. झाडाभोवतीचं अख्खं अळं भरेल."

अंजिरा विचार करू लागली. माती चांगली कुठली? गावाच्या खाली नदीकाठी मोठा मळा होता, तिथला ऊस दोन पुरुष उंच वाढायचा. तिथली माती काळीभोर, लोण्यासारखी. त्याच्यापेक्षा चांगली माती असणार तरी कुठली? तिनं डोळे मिटले, ओंजळ पुढं धरली आणि म्हणाली, "मळ्यातली काळी कसदार माती दे."

ओंजळ जड झाली. डोळे उघडले तर काळी, ओलसर, चमकणारी माती! तिनं ती बुंध्याशी ओतली आणि आई गं! ती माती पसरत गेली, पसरत गेली, अळं काठोकाठ भरलं. पांढऱ्या गावात ते काळं अळं कसं दिसत असेल सांगा बरं. गालाला तीट लावल्यागत. अंजिरानं टाळ्या वाजवल्या, पाणी घातलं आणि दिवसभर पुन्हा पुन्हा येऊन पाहत राहिली.

पण पाणी काही मुरेना. दुपारपर्यंत अळ्यात तसंच साचून राहिलं. काळी माती चिकट झाली, मुळांना घट्ट धरून बसली. उसाला चालतं हो तसं, तो पाण्यात पाय सोडून मजेत उभा राहतो. पण अनंताची पानं संध्याकाळपर्यंत खाली मान घालून लोंबायला लागली. आणि टप्पकन एक कळी पडली.

"परी, मी चुकले," अंजिरा म्हणाली.

"एक गेली. दोन इच्छा उरल्या," परी म्हणाली. ती रागावली नाही, पण तिच्या पंखांतला केशरी रंग मावळला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंजिरानं नेहमीसारखी निवळी घातली, "पी गं माझी बाय" म्हणाली आणि विचाराला बसली. काळ्या मातीत पाणी साचतं, तर मग जिच्यात साचणारच नाही अशी माती हवी. नदीच्या वाळवंटातली! सोनेरी, मऊ, पायांना गुदगुल्या करणारी. तिनं ओंजळ धरली. "नदीची रेताड माती दे."

ओंजळीत जणू ऊनच सांडलं. एकेक कण चकचक करत होता. परीसुद्धा "अय्या!" म्हणाली. अंजिरानं ती ओतली, काळी माती कुठल्या कुठं गेली आणि अळं सोन्यासारखं झळकायला लागलं. अंजिरानं कळशीभर पाणी घातलं. ते सळकन आत गेलं. दुसरी कळशी घातली. तीही गेली. तिसरी, चौथी, पाचवी. बिचारीचे खांदे दुखून आले. पाणी जात होतं खाली खाली, मुळांना "कशी आहेस?" म्हणायलासुद्धा थांबत नव्हतं. दुपारच्या उन्हात पानांच्या कडा करपल्या. आणखी एक कळी गळली.

आता एकच राहिली. ती वरची.

परी तिला दोन्ही हातांनी कवटाळून बसली होती. अंजिराला वर बघायचा धीर होईना. आई कामावरून आली तेव्हा अंजिरानं तिला सगळं सांगितलं. गऊबाईनं लेकीकडं पाहिलं, झाडाकडं पाहिलं, पानाच्या कडेवरच्या त्या लुकलुकणाऱ्या जिवाकडं पाहिलं आणि चिरा पडलेले हात नकळत जोडले. "पोरी," ती म्हणाली, "आपल्याला इथं चुन्याबिगर काही कळत नाही. आता तू अंदाजानं मागू नकोस. ज्याच्याकडं अनंत फुलतो, त्याला जाऊन विचार."

हे कुणाच्याही लक्षात यायला हवं होतं, नाही का? पण नाही येत. घाबरलं की माणसाला हेच सुचत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी अंजिरा आईबरोबर भट्टीवर गेली. तिथं आसपासच्या गावांच्या बैलगाड्या चुना न्यायला यायच्या, म्हणजे कुणाला ना कुणाला माहीत असणार. आणि गेली तो काय! एका गाडीच्या दांडीवर तिच्याएवढीच एक मुलगी पाय हलवत बसली होती आणि तिच्या वेणीत पांढरंशुभ्र, टपोरं, ताजं अनंताचं फूल! त्याचा तो गोड, गार वास चुन्याच्या धुरळ्यातून सरळ अंजिरापर्यंत आला. अंजिरा जागच्या जागी खिळून उभी राहिली. आपल्या कळीच्या आत असं काही आहे? एवढं सुंदर?

"काय बघतेस गं?" मुलगी म्हणाली. तिचं नाव ठकू. तिचे वडील, सुभानबाबा, पलीकडे पोती भरत होते.

"हे फूल... कुठं फुलतं?"

"आमच्या परसात. तांबडमाळावर. रोज दहा-बारा फुलतात."

"माती कसली आहे तुमच्याकडं?"

ठकूनं हसून पाय वर करून दाखवले. तळवे तांबडेलाल होते, मेंदी लावल्यासारखे. गाडीच्या चाकांनाही तीच माती लागलेली. "ही अशी. जांभळांच्या झाडाखालची. वर कुजलेला पाला असतो ना, भुसभुशीत, त्याच्यासकट घ्यायची. मूठ वळली तर वळते आणि बोटानं टोचलं तर लगेच फुटते. पाणी पिते, पण साचू देत नाही."

अंजिराला नाचावंसं वाटलं. सापडलं! तिनं घाईघाईनं विचारलं, "आणि निवळी किती वाट्या घालता?"

"कसली निवळी?"

"चुन्याची."

ठकूचं हसू थांबलं. "चुना? अनंताला? अगं मरेल ना तो! त्याला चुना अजिबात सोसत नाही. थोडी आंबूस माती लागते त्याला. आमच्याकडचं शेंबडं पोरसुद्धा सांगेल हे."

अंजिराचे ओठ पांढरे झाले. तीन वर्षं. रोज सकाळी. आपल्या हातानं, इतक्या मायेनं. आज सकाळीसुद्धा! तिला वाटलं, जमिनीनं आपल्याला पोटात घ्यावं तर बरं.

पण रडत बसायला वेळ कुठं होता? एक इच्छा शिल्लक होती. तिनं डोळे मिटले, ओंजळ पुढं धरली आणि "तांबड" एवढंच तोंडातून निघालं, तोच फस्सकन आवाज झाला आणि ठकू किंचाळली.

गाडीवर रचलेल्या पोत्याची शिवण उसवली होती. चुन्याचा लोट खाली बसलेल्या ठकूच्या अंगावर आला होता आणि ती डोळे मिटून ओरडत होती, "बाबा! जळतंय! डोळे जळतायत!"

चुना डोळ्यांत गेला तर काय होतं, हे पांढरवाडीच्या मुलांना सांगावं लागत नाही. भट्टीवरच्या दोन माणसांचा एकेक डोळा असाच गेला होता. सुभानबाबा धावले, गऊबाई धावली, सगळे "पाणी, पाणी" करू लागले. पण पिंपातलं पाणीही चुन्याचंच. चांगलं पाणी आणायचं तर ओढ्यापर्यंत जायला हवं.

अंजिराची ओंजळ अजून पुढंच होती. तिच्या डोळ्यांपुढं ती वरची कळी आली. आतली टिकटिक ऐकू आली. आणि समोर ठकू हात डोळ्यांकडे नेत होती.

"चोळू नकोस!" अंजिरा ओरडली. "परी, ऐकते आहेस ना? झऱ्याचं गार, गोडं पाणी दे!"

आणि ओंजळ भरली. काय ते पाणी! निळं म्हणावं तर निळं, पारदर्शक म्हणावं तर पारदर्शक, तळाशी इंद्रधनुष्याची एक रेघ थरथरत होती. अंजिरानं ते ठकूच्या डोळ्यांवर ओतलं. ओतत राहिली, ओतत राहिली, ओंजळ रिकामी होईचना. ठकूच्या गालांवरून पांढरे ओहोळ वाहिले आणि मग स्वच्छ ओहोळ वाहिले. तिनं हळूच एक डोळा उघडला. मग दुसरा. दोन काळेभोर, लाल झालेले, पण चांगले बघणारे डोळे!

"दिसतंय," ठकू म्हणाली आणि बाबांच्या गळ्यात पडून रडू लागली.

अंजिरानं आपले हात पाहिले. ते कोरडे झाले होते. तिसरी इच्छा संपली होती. तिला पस्तावा झाला नाही, पण ती मटकन खालीच बसली. "आता माती कुठून आणू?" ती हुंदके देत म्हणाली. "संध्याकाळच्या आत कळी गळेल. परीचं बाळ जाईल."

सुभानबाबांना काही कळेना. गऊबाईनं त्यांना थोडक्यात सगळं सांगितलं. सुभानबाबांनी डोक्याचं पागोटं काढलं, परत घातलं आणि म्हणाले, "अगं वेडे पोरी, माती हवी ना? आमचा सगळा माळ तिचाच आहे की. त्याला परी कशाला लागते? चल, बस गाडीत!"

त्यांनी चुन्याची पोती धडाधड खाली टाकली. बैलांनी अशी दौड मारली, की पांढऱ्या रस्त्यावर धुळीचा पडदाच उभा राहिला. तांबडमाळावर पोहोचल्यावर अंजिरा गाडीतून उतरली आणि पुन्हा तिचा श्वास अडकला. जमीन लाल! पळसाच्या फुलासारखी लाल! आणि वर जांभळांची गर्द हिरवी सावली. तिनं झाडाखालचा पाला बाजूला केला, माती मुठीत घेतली, वळली, बोटानं टोचली. ती अलगद फुटली. नाकाशी नेली तर वास थोडा आंबूस, गार, पालापाचोळ्याचा. सगळ्यांनी मिळून गाडी भरली. ठकूनं झऱ्याच्या पाण्याच्या दोन घागरीही ठेवल्या. "आडाचं पाणी घालू नकोस हं आता," ती म्हणाली.

परत आले तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. कळीचा देठ वाकला होता. परी तिला पंखांनी तोलून धरत होती आणि तिच्या पंखांत आता एकच फिका रंग उरला होता.

"जमिनीत नको लावूस," सुभानबाबा म्हणाले. "इथल्या मातीत किती का तांबडी माती घाल, चुना सरकत सरकत मुळांशी येणारच. मोठं भांडं आहे का?"

झोपडीत एक रांजण होता, तळाला फुटलेला. पाणी साचायला नको म्हणून ते भोक बरंच झालं. त्यांनी झाड मुळांसकट अलगद उचललं आणि अंजिरानं मुळं पाहिली. इवल्या इवल्या मुळांवर पांढरी खरपुडी चढली होती. तिचे डोळे भरून आले. ती परीसमोर गेली.

"परी, मला तुला एक सांगायचंय. तुझ्या बाळाला आजारी मीच पाडलं. रोज चुना घातला. मला वाटायचं, मी त्याला औषध देते आहे."

गऊबाईनं खाली पाहिलं. परीनं मान वर करून अंजिराकडे पाहिलं.

"हे मला कधी कळलंही नसतं," परी म्हणाली. "तरी सांगितलंस?"

"मग काय लपवू? तुझं बाळ आहे ते."

परीच्या पंखांत एक गुलाबी छटा हळूच परतली. "तू सांगितलंस, मी ऐकलं. आता रडू नको, हात चालव. सूर्य बघ कुठं आलाय!"

अंजिरानं मुळं झऱ्याच्या पाण्यानं धुतली, एकेक करून, आईच्या हातांना तेल लावायची तशी. रांजणात तांबडी माती भरली, झाड ठेवलं, भोवती आणखी माती टाकली, हलकेच दाबली, पाणी घातलं. पाणी थोडं थांबलं, मग शांतपणे आत गेलं. बस्स. आता करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. सगळे भिंतीला टेकून बसले आणि बघत राहिले.

सूर्य भट्टीच्या धुराड्यापाशी आला. कळी हलली. गऊबाईनं अंजिराचा हात गच्च धरला. सूर्य धुराड्याआड अर्धा गेला. वाकलेला देठ थरथरला... आणि सावकाश, अगदी सावकाश, सरळ झाला.

मग कळीचा पीळ सुटू लागला. लुगड्याची निरी सुटावी तशी एक पाकळी सुटली. दुसरी. तिसरी. चुन्यापेक्षा पांढरी, दुधापेक्षा मऊ. सहा पाकळ्या पूर्ण उघडल्या आणि मधोमध, पिवळ्या केसरांच्या गादीवर, तांदळाच्या दाण्याएवढी परी आळोखेपिळोखे देत होती! तिनं जांभई दिली. तिचे पंख उलगडले. ते तांबडे होते, तांबडमाळाच्या मातीसारखे तांबडे, कडेला सोनेरी. असे पंख कुठल्याच परीला आजवर नव्हते. आई परीनं तिला छातीशी धरलं आणि दोघींच्या अंगातून उजेड पाझरायला लागला. सुभानबाबांच्या मिशांवरून पाणी ओघळत होतं.

"अंजिरा," परी म्हणाली, "चौथी इच्छा देते तुला. हिला नियम नाही. राजवाडा माग, हिरे-माणकं माग, काय वाटेल ते माग."

अंजिरानं क्षणभर विचार केला. "मला कळू दे," ती म्हणाली. "कुठल्या झाडाला काय हवंय, ते मला कळू दे. म्हणजे माझ्या हातून मायेनं कुणाला दुखणार नाही."

परी थक्क झाली. "हे मला स्वतःलाच येत नाही गं," ती म्हणाली. "पण माझ्या लेकीला येईल. ती तुझ्या मातीत उमलली आहे." मग ती बाळपरी भिरभिरत खाली आली आणि तिनं अंजिराच्या दहाही बोटांच्या टोकांना एकेक पापी दिली. बोटं झिणझिणली. दोघी वर उडाल्या. उजेड वाढत गेला, सोनेरी, गुलाबी, मग डोळ्यांना सोसवेना असा शुभ्र, आणि क्षणात तो मावळत्या उन्हात मिसळून गेला. पानावर दवाचा एक थेंब तेवढा राहिला.

पुढचं लगेच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही मला जेवू देणार नाही. अंजिराच्या हाताला गुण आला तो आलाच. मातीत बोट घातलं की तिला कळायचं. पांढरवाडीच्या मातीला कुणी नावं ठेवलेली तिला खपायची नाहीत. तिनं तिथं डाळिंबं लावली, त्यांना ती माती मानवली आणि पांढरं गाव लाल फुलांनी भरून गेलं. गऊबाईनं भट्टी सोडली आणि लेकीबरोबर रोपं करू लागली. तिच्या हातांच्या चिरा भरून आल्या. ठकू आणि सुभानबाबा दर आठवड्याला तांबडी माती घेऊन यायचे. म्हाळसाकाकू तर आपली तुळस घेऊन सगळ्यांच्या आधी आल्या. निवळीचं नावसुद्धा काढलं नाही हो त्यांनी.

पण हे सगळं नंतर. त्या संध्याकाळी अनंताचा वास आधी गल्लीत गेला, मग भट्टीपर्यंत गेला. माणसांनी फावडी खाली ठेवली. कुणी न बोलावता सगळा गाव झोपडीच्या मागं येऊन उभा राहिला, त्या एका फुलाकडं बघत.

अंजिरा रांजणापाशी गेली. आता याला काय हवं असेल? आणखी पाणी? आणखी पाला? तिनं भीत भीत एक बोट मातीत घातलं आणि ऐकलं. मग ती आईकडं वळली. तिचा चेहरा उजळला होता.

"आई, ते म्हणतंय, काही नको. नुसती बस माझ्याजवळ."

मग अंजिरा बसली. तिच्या शेजारी आईही बसली.